दगडू आणि सिद्धार्थ

गोष्ट लिहायला तीन रात्री लागल्या. तिच्यातल्या जुळ्यांची नावं ठेवायला दोन पावसाळे गेले. ते कसे गेले ते सांगतो. आपल्यातली बरीच पोरं आता कथा लिहायला लागलीत आणि मी केली तीच चूक करतायत, म्हणून सांगतो.

गोष्ट साधी होती. खर्डी स्टेशनाजवळ रेल्वेच्या एका गँगमनच्या घरी जुळी पोरं होतात. एक शिकतो, चळवळीत येतो, पाटलापुढं ताठ उभा राहतो. दुसरा दारू पितो, बायकोला मारतो आणि शेवटी पाटलाच्या बाजूनं साक्ष देऊन येतो. पहिल्याचं नाव मी ठेवलं सिद्धार्थ. दुसऱ्याचं दगडू. विचार केला असं म्हणवत नाही. पेन आपोआप चाललं.

एका शिबिरात वाचून दाखवली. पोरं खूश. एक जण म्हणाला, नाव ऐकलं की पुढचं सगळं कळतं. मला ती स्तुती वाटली.

घरी येऊन आईला वाचून दाखवली. आईला अक्षर येत नाही, पण वर्षावासात विहारात बसून बसून तिचे कान तयार झालेत. एक शब्द सुटत नाही. बाहेर पाऊस कोसळत होता. आपल्याकडचा पाऊस म्हणजे काय ते ठाऊक आहे. पत्र्यावर असा वाजतो की ओरडून वाचावं लागतं. मी ओरडून वाचलं. संपल्यावर ती बराच वेळ चुलीकडं बघत बसली. मग म्हणाली,

"तुझ्या आज्याचं नाव काय व्हतं रं?"

मी गप्प.

"त्यानं जल्मात दारूला हात नाय लावला. नागपूरवरनं दीक्षा घेऊन आला, तवा घरातले देव पोत्यात भरले आनि भातसेत सोडून आला. एकटा गेला व्हता. कुनी बरूबर यायला तयार नव्हतं. आनि तू त्याच्याच नावाला दारू पाजलीस?"

मी म्हटलं, आई, हे गोष्टीतलं नाव आहे, आज्याचं नाही. ती म्हणाली, "मग दुसरं का नाय सुचलं?"

दोस्तांनो, या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आज आहे. ते मला नको असलेल्या ठिकाणी सापडलं. मनुस्मृतीचा दुसरा अध्याय, एकतिसावा श्लोक. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं किळस येईल असं. हे पुस्तक आपण २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं. पण मी काय केलं? मंगल नावाच्या माणसाला सगळे चांगले गुण दिले, किळसवाण्या नावाच्या माणसाला सगळे वाईट. नाव ऐकलं की पुढचं कळतं! मनूला तरी दुसरं काय पाहिजे होतं? फक्त मंगल नावं आता आपल्याकडं आली होती, एवढाच फरक.

नाव ही किरकोळ गोष्ट आहे असं आपल्याला तरी कुणी सांगू नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तेही जुन्या नावाला जोडून. मधल्या काळात वस्त्या जळाल्या, माणसं मेली. मिलिंद राजाला नागसेनानं सांगितलं होतं की नागसेन हा नुसता हाक मारायचा शब्द आहे, चाक, आस, जू यांना मिळून रथ म्हणावं तसा. खरं आहे. पण ते भिक्खूनं म्हणायचं. मस्टरवर अंगठा उठवणाऱ्याला त्या शब्दावर पगार मिळतो आणि त्याच शब्दानं शिवी पण मिळते.

मग मी जुन्या नावांच्या मागं लागलो. म्हाताऱ्या बायांना विचारलं. दगडू, धोंडू, केरू, कचरू ही नावं सगळी गावानं आपल्यावर थापली असं मी समजून होतो. काही थापलेलीच. पण काही आयांनी मुद्दाम ठेवलेली. दोन-तीन पोरं गेलेली असत. चौथं झालं की त्याला उकिरड्यावर ठेवायचं, परत उचलायचं आणि नाव ठेवायचं दगड. मरणाला वाटावं, हे काय न्यायचं? म्हणजे त्या नावात किळस नव्हती. भीती होती, आणि मायाही. ही रीत एकट्या आपल्या वाड्यातली पण नव्हे. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. सत्तावन्नच्या बंडातल्या नानासाहेब पेशव्याचं नाव धोंडोपंत. तोच धोंडा! तिकडं त्याला पंत लागला आणि आपल्याकडं 'या' लागला. धोंड्या. दगड्या. केऱ्या.

हा 'या' सापडला तेव्हा माझी झोप उडाली. खरी मेख नावाच्या अर्थात नाही, शेपटीत आहे. कारण सिद्धार्थ नाव ठेवलं म्हणून काय झालं? पाटलाच्या ओट्यावर त्याचा सिध्या होतोच. तालुक्याच्या कचेरीत होतो. शाळेत पण झालेला मी ऐकलाय. तेव्हा कथेत पात्राला काय नाव दिलं हे निम्मंच काम. त्याला कोण कशी हाक मारतं हे लिहायचं, आणि हाक मारणारा बदलला की हाक बदलायची. आई काय म्हणते, बायको काय म्हणते (ती नावच घेत नसेल), मुकादम काय म्हणतो, मोर्चात पोरं काय म्हणतात. भिवाचा भीमराव होतो, भीमरावाचे बाबासाहेब होतात, त्या प्रत्येक हाकेमागं वेगळं माणूस उभं आहे. 'बलुतं' १९७८ साली आलं, त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. माणूस एकच. मला ती जुळीच वाटतात. दयानं दगडूला दारात उभं केलं नाही, समोर बसवून त्याचं ऐकलं.

नावं बदलू नयेत असं मी म्हणत नाही, कुणी तसा अर्थ काढू नका. माझं स्वतःचं नाव आज्यानं ठेवलेलं आहे, आणि ते ठेवताना त्याची छाती किती फुगली होती ते आईनं मला शंभर वेळा सांगितलंय. मी म्हणतोय ते कथेतल्या माणसांबद्दल.

तर जुळी. मित्रांनी नावं सुचवली. एक म्हणाला, अनिल-सुनील ठेव. आपल्या अंकाची छपाई तुम्हाला माहीत आहे, शाई जरा फुटली की कोण बोलतोय ते कळायचं नाही. लव-कुश बाद. दुसरा म्हणाला, सारिपुत्त-मोग्गल्लान, ते दोघे एकाच दिवशी जन्मले होते. खरं आहे, परंपरा तसं सांगते. पण गँगमनच्या घरात मोग्गल्लान अशी हाक कोण मारणार? वाडीवरच्या एका ठाकर दोस्तानं वेगळंच सांगितलं. त्यांच्यात वारावरून नावं असतात, सोम्या, मंगळ्या, बुध्या. म्हणाला, एक पोर बारा वाजायच्या आधी काढ, एक नंतर. नावं आपोआप वेगळी. आम्ही खूप हसलो. आपल्याकडं उलटं. शाळेत घालताना मास्तरनं सगळ्यांची जन्मतारीख एक जून लावलेली. त्या हिशेबानं अख्खा वाडा जुळा!

दुसऱ्या पावसाळ्यात विहारात वाचन चाललं होतं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. मी दाराशी छत्री मिटवत होतो आणि सोपाकाची हकिगत आली. श्रावस्तीतली एक बाई बाळंतपणात बेशुद्ध पडते. मेली समजून तिला मसणात नेऊन सरणावर ठेवतात. वारा-पाऊस सुटतो, सरण पेटत नाही, लोक तशीच टाकून निघून जातात. ती मेलेली नसते. तिथंच बाळंत होते आणि मग मरते. मसणाचा राखणदार ते पोर उचलतो आणि आपल्या पोराबरोबर वाढवतो. विहारातल्या म्हाताऱ्या बाया चुकचुकल्या. पावसात सरण न पेटणं त्यांना कुणी समजावून सांगायला नको. एक म्हणाली, "आपल्याकडं छप्पर नव्हतं तवा असंच व्हायाचं."

मी मात्र नावांपाशी अडकलो. राखणदाराच्या पोराचं नाव सुप्पिय. म्हणजे सुप्रिय, लाडका. उचललेल्या पोराला लोक म्हणतात सोपाक. ते नावच नाही, त्याच्या आईची जमात आहे. संस्कृतात श्वपाक, कुत्रं शिजवून खाणारा. एका घरात, एका ताटात वाढलेली दोन पोरं. एकाचं नाव लाडका, दुसऱ्याचं नाव जात. जुळी म्हणायची तर यांनाच म्हणावं. सोपाक सात वर्षांचा असताना तथागतांकडं जातो. ते त्याला बापाची परवानगी आणायला सांगतात आणि संघात घेतात. नाव बदलून ये म्हणत नाहीत. थेरगाथेतही तो सोपाक म्हणूनच आहे.

त्या रात्री गोष्ट पुन्हा लिहिली. जुळी जन्मतात १९५६ च्या भादव्यात. अशक्त असतात, म्हणून आजी दोघांना दगडाचीच नावं देते, धोंडू आणि दगडू. आईला दोघांपुरतं दूध नाही. दगडूला मावशी मुरबाडला घेऊन जाते. दसऱ्याला, १४ ऑक्टोबरला, बाप नागपूरला दीक्षा घेतो आणि परत येऊन घरात असलेल्या पोराचं नाव बदलतो. धोंडूचा सिद्धार्थ होतो. मुरबाडला निरोप जातो. पण मावशीची तीन पोरं गेलेली. ती म्हणते, दगडू जगलाय, त्याला हात लावू नका. एवढंच. एकाला नाव मिळालं कारण तो त्या दिवशी घरात होता.

दारूचं काय केलं, हे शिबिरातली पोरं विचारणारच. दारू आता सिद्धार्थ पितो. लिहिताना हात थरथरला. आपल्या वस्त्यांत सिद्धार्थ नावाचे पिणारे आहेत हे आपण एकमेकांत बोलतो, कागदावर आणत नाही. आणलं तर बाहेरचे हसतील ही भीती आहे आणि ती खोटी नाही. तरी आणलंय. पाटलाकडून साक्ष मात्र दोघांपैकी कुणीच देत नाही. ते मला पहिल्यापासून जमलंच नव्हतं, उगाच शेवट व्हावा म्हणून घातलं होतं.

आईला पुन्हा वाचून दाखवली. दोन्ही पोरांवर ती काही बोलली नाही. विचारलं,

"आनि त्यांच्या आयचं नाव?"

मी कागद चाळले. सगळीकडं 'जुळ्यांची आई' असंच होतं. विहारात जाऊन ग्रंथ उघडून पाहिला. सोपाकाच्या आईचंही नाव तिथं नाही. घरी येऊन आईला विचारलं, लग्नाआधी तुला काय म्हणत? इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं. लग्नात नाव बदललं एवढंच ऐकून होतो. ती लाजली. मग चुलीत काटकी सारत हळूच सांगितलं.

ते नाव मी गोष्टीत घातलंय. इथं लिहीत नाही. तिनं नको म्हटलंय.