चित्राची साक्ष

गुन्ह्याचा तपास लावण्याच्या व्हिडिओ गेममध्ये चित्र कितपत देखणे असावे आणि त्या देखणेपणासाठी निर्मात्याने किती द्रव्य वेचावे, हा प्रश्न इतर खेळांच्या बाबतीत केवळ हौसेचा असला तरी या एका प्रकारात तो न्यायाचा होऊन बसतो, असे माझे फार दिवसांपासूनचे मत आहे. मोटारींच्या शर्यतीत रस्त्याकडेचे झाड हुबेहूब नसले म्हणून शर्यतीचे काही बिघडत नाही. परंतु जेथे एका इसमाचा खून झाला आहे आणि खोलीतल्या चार वस्तूंवरून मारेकरी कोण हे शाबीत करावयाचे आहे, तेथे पडद्यावर जे जे दिसते ते ते साक्षीदार म्हणूनच उभे असते, आणि ज्याला काही ठाऊकच नाही अशा साक्षीदाराला भरजरी पोशाख चढवल्याने खटला तसूभरही पुढे सरकत नाही.

ही दृष्टी मला घरातून मिळाली. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, सातारच्या न्यायालयात कारकून होते आणि त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे मुद्देमालाच्या खोलीत गेली. पंचनामे त्यांच्या नजरेखालून नित्य जात, आणि चांगला पंचनामा कोणता याविषयी त्यांची मते साक्षेपी समीक्षकाइतकी ठाम होती. घटनास्थळाच्या चतुःसीमा, दाराची कडी आतून होती की बाहेरून, भिंतीवरचा डाग जमिनीपासून किती उंचीवर, कंदिलात तेल किती शिल्लक, एवढा मजकूर आला की त्यांच्या लेखी ते लेखन पूर्ण होई, आणि एखाद्या नवख्या अंमलदाराने त्यात ‘हृदयद्रावक दृश्य’ असले काही घातले की ते म्हणत, “हे वर्तमानपत्राला पाठवावे, कोर्टाला नको.” पंचनाम्याला जोडलेला कच्चा नकाशा तर कमालीचा ओबडधोबड असे, चौकोन म्हणजे खोली, फुली म्हणजे प्रेत, तुटक रेघ म्हणजे पळवाट. पण त्याच नकाशावर बोट ठेवून वकील तासन् तास उलटतपासणी घेत.

असा संस्कार झालेल्या मुलाच्या हाती पहिला खेळ आला तो ‘डेडलाइन’, ज्यात चित्र असे एकही नव्हते, हा मी भाग्ययोग समजतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, व्यापारी जहाजावर अधिकारी असलेल्या माझ्या आतेभावाने तो परदेशातून आणला होता आणि सुटीत दादरला आत्याकडे गेलो असता तो आम्ही खेळलो. अमेरिकेतील इन्फोकॉम कंपनीने 1982 साली काढलेला, मार्क ब्लँक यांनी लिहिलेला हा खेळ म्हणजे पडद्यावर निव्वळ इंग्रजी अक्षरे होती. मार्शल रॉबनर नावाचा धनिक आपल्या ग्रंथालयात मृत सापडला आहे आणि तो खून की आत्महत्या हे खेळातल्या घड्याळाच्या बारा तासांत ठरवायचे आहे. लिहायचा होता तो सगळा पुरावा त्या काळच्या फ्लॉपीवर मावेना, म्हणून निर्मात्यांनी तो कागदावर छापून खोक्यातच घातला: पोलिसी दप्तराची फाइल, तिच्यात जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल, खडूने प्रेताची आकृती रेखलेल्या जागेचे छायाचित्र, आणि प्लास्टिकच्या चिमुकल्या पिशवीत पांढऱ्या गोळ्या. अण्णांनी ती पिशवी हातात घेतली, उजेडाकडे धरली, आणि कचेरीत शेकडो वेळा केले असेल त्याप्रमाणे ती उलटी करून तिच्यावरचे लेबल आणि लाखेचे सील शोधू लागले. पंचांच्या सह्या नसलेला मुद्देमाल त्यांना बेचैन करीत होता. पडद्यावर एकही रेषा न काढता त्या खेळाने एका कसलेल्या कारकुनाला आपल्या खटल्यात ओढून घेतले होते.

पुढे कधीतरी मी त्याच्याही आधीचा ‘मिस्टरी हाउस’ पाहिला. 1980 साली कॅलिफोर्नियातील रोबर्टा विल्यम्स या गृहिणीने तो रचला, चित्रे स्वतः काढली, आणि संगणकाचा भाग त्यांचे यजमान केन यांनी लिहिला. ॲपल टू या यंत्रावरचा, शब्दांना चित्राची जोड देणारा या जातीचा तो पहिला खेळ. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा, माणसे काड्यांची. झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून विकलेल्या त्या खेळाच्या दहा हजारांहून अधिक प्रती खपल्या, यावरून लोकांना चित्राची किती ओढ होती ते कळते. मला त्या चित्रांत अण्णांच्या कच्च्या नकाशाचे सख्खे भावंड दिसले आणि आजही ती मला कुरूप वाटत नाहीत.

नव्वदीच्या दशकात मी पुण्यास शिकावयास आलो तेव्हा सीडीचा जमाना सुरू झाला होता आणि चित्रावर पैशाचा पाऊस पडू लागला होता. जेन जेन्सन यांच्या ‘गॅब्रिएल नाइट’चा पहिला भाग 1993 साली चितारलेल्या न्यू ऑर्लिन्समध्ये घडला, दोनच वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात खरे नट, चित्रित प्रसंग, आणि बव्हेरियातील जागांची छायाचित्रे अशी सहा सीडींची मिरवणूक निघाली. तो खेळ मला मनापासून आवडला होता आणि आवडतो. तरीही त्यात एक गोष्ट मला खटकत राहिली, जिचे कारण कळण्यास स्वतः सॉफ्टवेअरच्या धंद्यात शिरावे लागले. ‘डेडलाइन’मध्ये लेखकाला साक्षीदाराच्या तोंडी आणखी एक उत्तर घालायचे तर एक ओळ लिहावी लागे, आणि त्या ओळीचा खर्च जवळजवळ शून्य, चित्रित खेळात त्याच एका उत्तरासाठी नट, रंगभूषा, दिवे, संकलन आणि सीडीवरची जागा या सर्वांची तरतूद करावी लागते. परिणाम असा की चित्र जितके महाग होत जाते तितके साक्षीदाराला विचारता येणारे प्रश्न कमी होत जातात, आणि तपासी अंमलदाराच्या खुर्चीवर बसलेला खेळाडू हळूहळू प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसतो. खर्चाची खरी झळ लागते ती या ठिकाणी, पण जमाखर्चाच्या वहीत तिची नोंद कुठेच होत नाही.

शिवाय खर्च निर्मात्याचाच असतो असे नव्हे. घरात संगणक घेताना वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतलेली असली की त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड टाकण्याची भाषा मुलाच्या तोंडी शोभत नाही. 1997 साली वेस्टवुड कंपनीच्या ‘ब्लेड रनर’ने मला जिंकले ते याही कारणाने की त्याला असल्या कार्डाची गरज नव्हती, पात्रांचे देह जवळून पाहिले तर चौकोनी ठोकळ्यांचे, पण त्यांच्यामागे लॉस एंजेलिसचा धुवांधार पाऊस आणि निऑनचे दिवे असे की सातारच्या मुलानेही ओलसर व्हावे. त्यातही मोलाची गोष्ट म्हणजे संशयितांपैकी माणूस कोण आणि कृत्रिम मानव कोण हे दर नव्या डावात बदलत असे, त्यामुळे मित्राकडून उत्तर ऐकून येण्याची सोयच नव्हती.

खर्चाची चुकीची वाटणी म्हणजे काय याचे उदाहरण म्हणून मला नेहमी आठवतो तो कीव शहरातील फ्रॉगवेअर्स या संस्थेचा 2007 सालचा खेळ, ज्यात शेरलॉक होम्सची गाठ आर्सेन ल्युपँ या चोराशी पडते. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टॉवर ऑफ लंडन, सगळे मेहनतीने उभे केलेले. परंतु डॉक्टर वॉटसनला चालण्याची हालचालच दिलेली नव्हती. एका पात्राला पावले टाकायला शिकवणे, त्याला जिना चढवणे, दारातून वाट काढू देणे, यात कारागिरांचे पुष्कळ दिवस जातात, ते येथे वाचवले होते. खेळाडूने पाठ फिरवावी, आणि पुन्हा वळून पाहावे तो वॉटसन निःशब्दपणे अगदी पाठीशी येऊन उभा. जगभर लोक त्यावर खूप हसले. मला मात्र वाईट वाटले, कारण होम्सच्या कथांमधला सर्वांत विश्वासू साक्षीदार त्या भव्य दालनांपायी संशयास्पद झाला होता. याच मंडळींनी 2014 साली ‘क्राइम्स अँड पनिशमेंट्स’ काढला तेव्हा त्यांचे शहाणपण उजळून निघाले. सुधारलेले तंत्र त्यांनी लावले ते समोरच्या माणसाचे निरीक्षण करण्याच्या प्रसंगाला: काळ थांबतो, आपण त्याच्या चेहऱ्यावर, कपड्यांवर, हातांवर सावकाश नजर फिरवतो आणि व्रण, डाग, झिजलेली बाही एकेक करून टिपतो. येथे कातडीचा पोत बारकाईने रंगवला नसता तर तपासच झाला नसता. या मंडळींनी पुढे युद्धाच्या छायेत, वर्गणीदारांच्या मदतीने, ‘दि अवेकन्ड’ हा आपला जुना खेळ 2023 साली नव्याने उभा केला, याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

या सर्वांत धाडसी पैज लावली ती सिडनीच्या टीम बाँडीने. 2011 सालच्या ‘एल. ए. नॉयर’मध्ये 1947 चे लॉस एंजेलिस आहे, पण खरी गुंतवणूक चेहऱ्यांत आहे: प्रत्येक नटाला 32 कॅमेऱ्यांच्या मधोमध बसवून त्याच्या ओठांची आणि पापण्यांची हालचाल जशीच्या तशी टिपली, जेणेकरून संशयित खरे बोलतो की खोटे हे त्याच्या मुद्रेवरून ताडावे. त्या वर्षी निवृत्त झालेले अण्णा माझ्याकडे पुण्यास राहावयास आले होते. एका जबानीच्या वेळी बाई नजर चुकवते, ओठ चावते. मी ‘असत्य’ ठरवले आणि खेळाने ते मान्य केले. अण्णा बराच वेळ त्या बाईकडे पाहत होते. म्हणाले, “अरे, कोर्टात खरे बोलणाराच जास्त घाबरतो. खोटा साक्षीदार पाठ करून आलेला असतो, तो कशाला अडखळेल?” खेळाची यापेक्षा मर्मग्राही समीक्षा मी वाचलेली नाही. तरीही त्या पैजेला मी उधळपट्टी म्हणणार नाही, कारण पैसा पुराव्यावरच लावला होता. मानवी चेहरा हा पुरावा म्हणून किती बेभरवशाचा, एवढेच त्यातून उघड झाले. संस्था त्याच वर्षी बंद पडली.

याच्या अगदी उलट टोकाला, जपानमध्ये कॅपकॉमच्या शू ताकुमी यांनी सात जणांच्या चमूनिशी दहा महिन्यांत रचलेला, 2001 चा न्यायालयीन खेळ, ज्याला जग ‘एस अॅटर्नी’ म्हणून ओळखते. तळहाताएवढ्या पडद्यावर मोजक्या स्थिर मुद्रा: वकील टेबलावर हात आपटतो, साक्षीदाराच्या कपाळावर घाम येतो, संपले. पण जबानीतले वाक्य आणि पुराव्याच्या यादीतली वस्तू यांची रुजवात घालून विसंगती पकडायची, ही खरी उलटतपासणी त्यात होती.

आणि मग 2018 साली आलेला, लुकास पोप यांनी जवळजवळ एकट्याने केलेला ‘रिटर्न ऑफ दि ओब्रा डिन’. काळ 1807; ईस्ट इंडिया कंपनीचे बेपत्ता झालेले जहाज रिकामे परत आले आहे आणि विम्याच्या नुकसानभरपाईसाठी कंपनीच्या निरीक्षकाने त्यावरील 60 जणांचे काय झाले याचा ताळेबंद करावयाचा आहे. सारे दृश्य दोनच छटांत, एक काळी आणि एक उजळ. मधली करडी छटा बारीक ठिपके विरळ-दाट करून भासवलेली. नावे कळतात ती झोळीच्या क्रमांकावरून, पायातल्या जोड्यावरून, उच्चाराच्या लकबीवरून. हिंदुस्थानातले खलाशीही त्या यादीत आहेत, आणि त्यांची नोंद मी केली तेव्हा कंपनी सरकारच्या दप्तरात एका वाक्यावर विझलेल्या कितीतरी आयुष्यांची मला आठवण झाली. हा साधेपणा स्वस्त होता असे मात्र कोणी समजू नये. खेळाडूने मान वळवली की ते ठिपके मुंग्यांसारखे वळवळत आणि डोळे दुखत. पोप यांनी पाहणाऱ्याभोवती एक अदृश्य गोल कल्पून ठिपके त्याच्या आतल्या अंगाला चिकटवले, म्हणजे ते दृश्याबरोबर सरकतात आणि नजर स्थिरावते. असल्या खटपटींत त्यांची चार वर्षांहून अधिक उमर खर्ची पडली. रुपयांत मोजले तर अंदाजपत्रक लहान. आयुष्यात मोजले तर मोठ्या स्टुडिओच्या तोडीचे.

माझी कन्या ॲनिमेशनचे शिक्षण घेते आणि माझे हे प्रतिपादन तिला निम्मेच पटते. ती म्हणते, “बाबा, तुम्ही वातावरणाला पुरावा मानतच नाही,” आणि एस्टोनियातील कलावंतांनी 2019 साली केलेल्या ‘डिस्को एलिझियम’चा दाखला देते, ज्यात तैलरंगांच्या फटकाऱ्यांनी रंगवलेल्या बंदराच्या वस्तीत फसलेल्या क्रांतीतल्या गोळ्यांच्या खुणा अजून भिंतीवर आहेत, आणि त्या भिंती वाचल्याखेरीज झाडाला टांगलेल्या मृत माणसाचे प्रकरण उलगडतच नाही. हे मला कबूल करावे लागते.

सध्या ती आणि तिचे काही सहाध्यायी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एक छोटा तपासाचा खेळ करीत आहेत; स्थळ सातारा, एक कौलारू घर, दोन खोल्या, श्रावण महिना. हाताशी महिने थोडे, माणसे थोडी, पैसा नाहीच. तिला पाऊस हवा होता आणि हलता, थेंबाथेंबाचा हवा होता. मी विचारले की हा पाऊस काय सांगणार. तिने कागद ओढून पागोळ्यांची रेघ काढली: अंगणातली पावले रेघेच्या बाहेर धुऊन गेलेली, वळचणीखाली मात्र शाबूत, आणि पाऊस कधी उघडला हे शेजारणीच्या जबानीत आहे, म्हणून आत येणारा इसम त्याआधी आला हे ठरते. मी त्याच क्षणी माझा आक्षेप मागे घेतला. पावसाला लागणारे दिवस काढण्यासाठी साक्षीदारांच्या चेहऱ्यांची हालचाल रद्द करावी लागली. ते आता स्थिर चित्रांत राहतील आणि आवाजाने बोलतील. शेजारणीच्या जबानीचा पहिला खर्डा तिने माझ्याकडे दिला आहे, आणि ती बाई कोठे अडखळेल ते मी ठरवायचे आहे.