काचेआडचा अंधार

फाटकाची बिजागरी निखळली म्हणून वेल्डिंग शिकायला घेतलं. आता फाटकापेक्षा त्या अंधाराचीच ओढ जास्त आहे. काळी काच डोळ्यांपुढे आली की अंगण, पट्टी, स्वतःचे हात, सगळं नाहीसं होतं. मग आगकाडी ओढावी तसा रॉड लोखंडावर घासायचा. आर्क धरला की रॉडच्या जाडीइतकंच अंतर राखायचं. रॉड जळून आखूड होतो, म्हणून हात पुढे सरकताना खालीही उतरत राहावा लागतो.

उस्ताद म्हणतात, "उजेडाकडे नको, रसाकडे बघा." वितळलेल्या लोखंडाचं ते इवलंसं, थरथरतं तळं! रॉडवरचा लेप जळतो आणि त्याचा वायू तळ्याला हवेपासून जपतो. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्गने १९०७ साली अशा लेपाच्या रॉडचं पेटंट घेतलं. त्या माणसाबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

एरवी रात्री डोळे मिटले तरी मन धावत असतं. इथे ते त्या तळ्याच्या काठाशी थांबतं. का, ते अजून उमगलेलं नाही.

बिजागरी बसवण्याआधी उभा जोड शिकायचाय. तिथे रस खाली ओघळू पाहतो, म्हणून करंट थोडा कमी ठेवायचा.