किल्ली कोणाच्या हाती?

आम्ही पूर्वी ज्या शाळेत होतो, तेथे संगणक आले. पण बिघडतील या भीतीने खोलीला कुलूप लागले. दहावीची एक संपूर्ण तुकडी कळफलकाला बोट न लावता बाहेर पडली. किल्ली मागण्याचे धैर्य आम्हा शिक्षकांनाही झाले नाही, ही खंत आजही आहे.

पुढे अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या मॅरिकोपा कम्युनिटी कॉलेजांविषयी वाचले आणि ती अधिकच बोचली. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनाही परवडतील अशी ही मुख्यतः दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांची महाविद्यालये. अध्यापनात तंत्रज्ञान रुजावे म्हणून तेथे १९८७ साली 'ओकोटियो' हा उपक्रम सुरू झाला. त्याचे नेतृत्व कार्यालयाकडे नव्हे, अध्यापकांकडे होते. ओकोटियो हे तेथील वाळवंटी झुडूप; एरवी वाळक्या काट्यांची जुडी वाटते, पाऊस पडताच काही दिवसांत पालवते.

यंत्र देणगीतून येते; त्याला पालवी मात्र शिक्षकाच्या जिज्ञासेनेच फुटते. माजी विद्यार्थ्यांनो, शाळेला संगणक अवश्य द्या. पण खोलीची किल्ली कोणाच्या हाती राहील, हेही विचारा. आणि शिक्षक बंधू-भगिनींनो, आम्ही मागितली नाही, ती किल्ली तुम्ही मागा.