निकाल शाळेचा की मुलांचा?

अमेरिकेत शाळा निवडायची म्हणजे आधी घर निवडायचं. ज्या गावात घर, त्या गावची सरकारी शाळा. त्यामुळे चांगल्या शाळेच्या गावातली घरं महाग, हे इथे आलेल्या प्रत्येक देशी माणसाला पहिल्या सहा महिन्यांत कळतं. चार्टर शाळा हा या नियमाला अपवाद. पैसा सरकारचा, फी शून्य, प्रवेश परीक्षा नाही, पण शाळा चालवणारी मंडळी स्वतंत्र. त्यांनी सरकारशी करार करायचा की आम्ही अमुक अमुक करून दाखवू, आणि नाही दाखवलं तर शाळा बंद. हा करार म्हणजे चार्टर. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला आणि पहिली शाळा तिथेच, सेंट पॉलमध्ये, १९९२ ला निघाली. मॅसॅच्युसेट्सचा कायदा १९९३ चा. इथे करार पाच वर्षांचा असतो, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले की चक्क सोडत काढतात. म्हाडाच्या घरांसारखी!

तर अशा एका सोडतीत माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा नंबर लागला. ताई बॉस्टनच्या पश्चिमेला राहते, भाची पाचवीत आहे आणि शाळा सहावीपासूनची. हो-नाही कळवायला जेमतेम आठवडा. जिजूंनी एका साइटवरचं दहापैकी रेटिंग बघून केव्हाच कौल दिला होता. ताईचा पाय मात्र निघत नव्हता. भाचीला डिस्लेक्सिया आहे. गावच्या शाळेत गेली दोन वर्षं एक बाई तिला रोज वेगळं बसवून वाचायला शिकवतायत, आणि पोरगी आत्ता कुठे आपणहून पुस्तक हातात घ्यायला लागलीय. ताईचा फोन आला, "तू दिवसभर डेटाच बघतोस ना? मग हा पण बघ जरा."

बघितला. शनिवार-रविवार गेला.

आधी एक सांगतो, इथलं शिक्षण खातं जे जे उघड करतं ते बघून आपल्यासारख्याला गहिवरून येतं. प्रत्येक शाळेचे एमकॅस परीक्षेचे निकाल, वर्गवार पटसंख्या, किती मुलं मधेच सोडून गेली, किती जणांना निलंबित केलं, किती शिक्षक टिकले, सगळं एका जागी. डाउनलोड करा आणि बसा.

जाहिरातीत येतो तो पहिला आकडा, म्हणजे किती टक्के मुलं अपेक्षित पातळीला पोचली. हा आकडा त्या शाळेचा दणदणीत होता. पण तो शाळा किती चांगली यापेक्षा शाळेत कोण आलंय हे जास्त सांगतो. ज्या घरात आईबाप दोघेही इंजिनिअर आहेत आणि रात्री डायनिंग टेबलवर गणिताचा क्लास भरतो, तिथलं मूल कुठल्याही शाळेत घाला, ते ती पातळी गाठणारच. त्याचं श्रेय शाळेने घ्यावं, म्हणजे पावसाचं श्रेय छत्रीने घेण्यासारखं आहे.

कामाचा आकडा दुसरा. त्याला स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल म्हणतात. गेल्या वर्षीपर्यंत ज्यांचे गुण या मुलासारखेच होते, अशा राज्यभरातल्या मुलांत यंदा हे मूल कुठे आलं, ते यात मोजतात. पन्नास म्हणजे बरोबर मधोमध. शाळेची सरासरी साठच्या वर असेल तर शाळा काहीतरी करतेय, चाळीसच्या खाली असेल तर काहीतरी बिघडलंय. इथे आमच्या दणदणीत शाळेचा आकडा पन्नाशीच्या जरासा वर होता, आणि ताईच्या गावच्या मिडल स्कूलचाही तेवढाच! जिजूंना दाखवला. ते म्हणाले, "पण रेटिंग?" असो.

तिसरी गोष्ट गळतीची. सहावीत आलेली मुलं बारावीपर्यंत किती उरतात ते मी वर्षावर्षाने मांडून पाहिलं, तर जवळजवळ एक अख्खा वर्ग वाटेत नाहीसा होत होता. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१० च्या कायद्याने खालच्या वर्गांतल्या रिकाम्या जागा प्रतीक्षा यादीतून भरायची सक्ती केली, पण वरच्या वर्गांत ती नाही. म्हणजे जड जाणारी मुलं गेली, नवीन कोणी आलं नाही, की वरची सरासरी आपोआप सुधारते. कुणी लबाडी करायचीही गरज नाही. आपल्याकडे हे नवीन आहे का? दहावीचा शंभर टक्के निकाल फ्लेक्सवर लावणाऱ्या शाळा नववीतल्या कच्च्या पोरांना 'सतरा नंबरचा फॉर्म भर' असं कसं समजावतात, ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. फेल झालेल्या रिक्वेस्ट लॉगमधून काढून टाकल्या तर माझाही सर्व्हर शंभर टक्के अप असतो :)

मग चार्टर शाळांचा खरा उपयोग होतो की नाही, हे ठरवायचं कसं? याचं उत्तर मला भयंकर आवडलं. सोडत! अर्ज दोघांनीही केला, म्हणजे दोघांच्याही आईबापांना तळमळ सारखीच. एकाची चिठ्ठी निघाली, दुसऱ्याची नाही. पुढे दोघांचं काय झालं ते बघा. आयता प्रयोग. जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये हेच केलं. (अँग्रिस्टना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, तेही अशाच, आयत्या प्रयोगांतून कारण शोधायच्या पद्धतींसाठी.) बॉस्टनसारख्या शहरातल्या चार्टर शाळांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांना गणितात जबरदस्त पुढे नेलं होतं. जास्त तास, कडक शिस्त, भरपूर शिकवणी. आणि उपनगरातल्या चार्टर शाळा? त्यांचा फायदा दिसला नाही, काही ठिकाणी उलट तोटाच दिसला. विचार केला की पटतं. उपनगरात सोडतीत नंबर न लागलेलं मूल जातं कुठे? गावच्या शाळेत, आणि ती मुळातच चांगली असते. देशभराचा हिशेब पाहिला तर स्टॅनफर्डच्या क्रेडो गटाच्या २०२३ च्या अहवालात चार्टरची मुलं वर्षाला वाचनात १६ दिवस आणि गणितात ६ दिवस पुढे दिसतात. सरासरी म्हणून ठीक आहे, पण भाचीची सहावी काही सरासरीत बसणार नव्हती.

एवढं झाल्यावर ताईबरोबर शाळा बघायलाही गेलो. आकड्यांत न मावणारं बरंच असतं. शाळा मला आवडली, खोटं कशाला बोलू? भिंतींवर रोबोटिक्स, मुलं मधल्या सुट्टीत बुद्धिबळ खेळतायत, अर्ध्याअधिक मुलांची आडनावं वाचून आपण हैदराबादेत आहोत की पुण्यात असं वाटावं. पालकांचा आपला व्हॉट्सॅप ग्रुप, कारपूल, दिवाळी. ताईला त्याचा मोह पडला नसता तरच नवल. पण फाटकापाशी एक आई भेटली, तिच्या थोरल्याने आठवीत शाळा सोडली होती. ती म्हणाली, इथे सगळ्यांना सगळं येतं, त्यामुळे आपल्याला येत नाही हे कुणाला सांगायची सोय नाही. गळतीच्या रकान्यातल्या त्या आकड्याला तोंड फुटल्यासारखं वाटलं मला.

ताईने तिथल्या बाईंना सरळ विचारलं, वाचनाचं काय? चार्टर झाली तरी शाळा सरकारी, त्यामुळे भाचीचा आयईपी त्यांना लागू होणारच, कायद्याने सुटका नाही. बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, मदत मिळेल, पण आठवड्यातून काही तास आणि गटात. रोज एकटीला घेऊन बसणारं माणूस आमच्याकडे नाही.

यात गावाचाही हिशेब आहे. मूल चार्टरला गेलं की त्याच्या वाटचे पैसे गावच्या शाळांच्या बजेटमधून जातात. राज्य काही काळ थोडी भरपाई देतं, पण वर्ग चालवायचा खर्च काही एका मुलाने कमी होत नाही. चार्टर शाळांची संख्या वाढवू द्यावी का, यावर २०१६ मध्ये राज्यात मतदान झालं आणि सुमारे ६२ टक्के लोकांनी नको म्हटलं. उपनगरांतूनही जोरदार विरोध झाला. मला स्वतःला ते मतदान चुकलं असं वाटतं, कारण रांग बॉस्टनच्या मुलांची होती आणि नको म्हणणाऱ्यांत ज्यांची शाळा आधीच चांगली असे पुष्कळ होते. ताईचं मत वेगळं आहे. त्यावर आमचं जेवताना वाजलंच.

शुक्रवारी दुपारी ताईने नाही म्हणून कळवलं. जिजू दोन दिवस गप्प होते. भाचीला कळल्यावर तिने फक्त, मग त्या बाई सहावीतही येणार का, एवढंच विचारलं. मिडल स्कूलची इमारत वेगळी, त्यामुळे बाई बदलणार. आता ताईची पुढची मीटिंग त्यावर आहे.

सोडलेली जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला जाते. ती त्यांच्याच गल्लीतल्या एका तेलुगू कुटुंबाला गेली असं नंतर कळलं. त्यांचा मुलगा गणितवेडा आहे, सुट्टीतही कोडी सोडवत बसतो. त्याला ती शाळा मानवेल असं मला मनापासून वाटतं. त्याच्या वडिलांनी माझी शीट मागितलीय, आज रात्री पाठवीन.