नुसती सुपारी?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसदला जा, दिग्रसला जा की वणीला, पानठेल्यावर खर्रा घोटणारा माणूस दिसतोच. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा खर्रा तरुणांच्या खिशात असतो. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा काही सुटला नाही. मुलाच्या खिशात पुडी सापडली की आपण घरातले सगळे त्याच्यावर तुटून पडतो. हे योग्यच आहे. पण आपल्या बोलण्यात नाव येते ते फक्त तंबाखूचे. सुपारीला कोणी काही म्हणत नाही.

आमच्या नात्यातला एक मुलगा २२ वर्षांचा आहे. तंबाखूला त्याने कधी हात लावला नाही. मीठी सुपारी मात्र दिवसभर तोंडात. आधी सालनातले तिखट त्याला झोंबू लागले. मग घास लहान होत गेला. आम्ही त्याला दंतवैद्याकडे नेले, तेव्हा त्याच्या तोंडात दोन बोटेही नीट जात नव्हती. त्याची अम्मी पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "पण डॉक्टरसाहेब, हा तर नुसती सुपारी खातो!"

या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्याचे मूळ सुपारीतच आहे. सुपारीतल्या अरेकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या आतल्या त्वचेखाली तंतू वाढतात. गाल पांढुरके, कडक होतात आणि जबडा आखडतो. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील संशोधकांनी मध्य भारतातील १००० रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. रुग्णांत पुरुष जास्त होते आणि त्यांना हा आजार कमी वयात जडलेला होता. खर्रा, गुटखा खाणारे बहुतेक पुरुषच. पण रुग्ण स्त्रियांमध्ये नुसती सुपारी खाणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. म्हणजे हा प्रश्न फक्त ठेल्यावरचा नाही, आपल्या पानदानाचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही २००४ च्या अहवालात सांगितले की तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा माणसाला कर्करोग करते.

सवय सोडली, व्यायाम आणि औषधे घेतली तर आजार आटोक्यात ठेवता येतो. पण गालाचा गेलेला मऊपणा पूर्ण परत येत नाही. काही रुग्णांत पुढे कर्करोगही होतो. म्हणून लवकर ओळखणे महत्त्वाचे. घरातल्या मुलामुलींना तोंड उघडून स्वतःची तीन बोटे एकावर एक, उभी आत घालायला सांगा. ती जात नसतील, तिखट झोंबत असेल किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर दंतवैद्याकडे जा.

आमच्या घरी आता दावतीनंतर बडीशेप आणि खडीसाखर ठेवतो. गेल्या निकाहात काही बुजुर्ग कुरकुरले. आम्ही अदबीने सांगितले, "चाचा, मुले बघताहेत." तो मुलगा आता सुपारीला हात लावत नाही. रोज आरशासमोर उभा राहून तोंडाचा व्यायाम करतो. तिसरे बोट अजून जात नाही.