सही कोणाची?

गेल्या शनिवारी आमच्याकडे छोटंसं महायुद्ध झालं. विषय : लेकीचे कान. बारसं होऊन चार महिने झाले तरी कान टोचले नाहीत म्हणून आई नाराज. "अगं, सोनाराकडे दोन मिनिटांचं काम!" बायको ठाम, "तिला हवं असेल तेव्हा ती सांगेल, आई." आणि मी? लॅपटॉपच्या मागे, नेहमीप्रमाणे.

मला एकदम २०१२ चा उन्हाळा आठवला. तेव्हा मी ऑनसाइट होतो, जर्मनीत. टीममध्ये एक तुर्की वंशाचा मित्र होता, त्याला नुकताच मुलगा झालेला. आणि त्याच सुमारास कोलोनचा निकाल गाजत होता. एका डॉक्टरने आईवडिलांच्या सांगण्यावरून चार वर्षांच्या मुलाची सुंता केली होती. दोन दिवसांनी रक्तस्राव झाला, मुलाला दवाखान्यात न्यावं लागलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. शस्त्रक्रियेत चूक नव्हती. पण ७ मे २०१२ ला तिथल्या न्यायालयाने म्हटलं की वैद्यकीय गरज नसताना केलेली सुंता ही शारीरिक इजाच आहे आणि आईवडिलांच्या संमतीने ती कायदेशीर होत नाही. डॉक्टर मात्र सुटला, कारण तोवर कायदाच स्पष्ट नव्हता.

मित्र जेवताना म्हणाला, "म्हणजे उद्या मी गुन्हेगार?" मी शहाणपणा केला. म्हटलं, "अरे, मोठा होऊन त्याचं तो ठरवेल की." त्याने शांतपणे विचारलं, "आणि तुझ्या कानाला हे काय आहे?"

माझ्या कानाच्या पाळीवर अजून खूण आहे. मला कोणी विचारलं नव्हतं. बोलतीच बंद!

त्या निकालावर ज्यू आणि मुस्लिम समाजात खूप अस्वस्थता पसरली. शेवटी १२ डिसेंबर २०१२ ला जर्मन संसदेने ४३४ विरुद्ध १०० मतांनी कायदा केला : वैद्यकीय नियम पाळून सुंता करायची असेल तर पालक संमती देऊ शकतात, मुलाच्या हिताला धोका असेल तर नाही. पहिल्या सहा महिन्यांत धार्मिक समाजाने नेमलेली प्रशिक्षित व्यक्तीही ती करू शकते, डॉक्टर नसली तरी.

आता कोणी म्हणेल, कान आणि सुंता एकाच तागडीत? नाहीच. कानाचं भोक बऱ्याचदा बुजतं, कापलेली त्वचा परत येत नाही. पण मूळ प्रश्न एकच आहे : शरीर तिचं, सही माझी. लस टोचतानाही ती रडते, पण तिथे तिचा फायदा दाखवता येतो. इथे काय दाखवू? परंपरा? ती खोटी नाही. मित्रासाठी तर ती मुलाला 'आपला' म्हणण्याची रीत होती. ते मी तेव्हा ऐकूनच घेतलं नाही, याचं आज वाईट वाटतं. मत तेव्हाचंच आहे म्हणा, फक्त आवाज खाली आलाय.

इंग्लंडच्या न्यायालयांनी २००० च्या आसपास एका खटल्यात एक साधी गोष्ट सांगितली : आईवडिलांचं एकमत नसेल, तर एकट्याच्या इच्छेने मुलाची सुंता होणार नाही, कोर्टाकडे या. आमच्या घरात कोर्ट नाही. पण एकमत नाही हे तर उघड आहे.

शेवटी लॅपटॉप मिटला. आईला म्हटलं, "तुझ्या कुड्या जपून ठेव. मागितल्या तर तिलाच दे." आई दोन दिवस बोलली नाही. असो.

लेक मोठी झाल्यावर "माझे कान का नाही टोचले?" म्हणून भांडली तर? भांडू दे. तेव्हाही टोचता येतील.