नानीचा आवाज

मुलांनो, कैरीच्या दिवसांत तुमच्या घरी आंबोशी करतात का? कैरीच्या फोडी उन्हात वाळवल्या की टोपलीभर कैऱ्या एका बरणीत मावतात. त्या वर्षभर आमटीत घालता येतात. पण आंबोशी कितीही वेळ पाण्यात भिजवा, तिची पुन्हा कैरी होत नाही. ही साधी गोष्ट मला ठाऊक होती. तरीही एकदा मी ती विसरले. त्याचीच ही हकिकत.

२०११ साली मी बी.एड. करीत होते. घर मालेगावात आणि कॉलेज धुळ्याला. रोजचा प्रवास एस.टी.चा. माझ्याजवळ एक साधा मोबाइल होता. त्यात १ जीबीचे मेमरी कार्ड होते. ते गाण्यांनी भरून गेले होते. प्रवासात कानाला इअरफोन लावून गाणी ऐकणे हीच माझी करमणूक.

माझी नानी लग्नाची गाणी फार सुरेख गात असे. मोहल्ल्यात कुठे हळद असली की तिला बोलावणे येई. ती ढोलकवर थाप मारी आणि बायका तिच्या मागे गात. तिची गाणी कुठल्या पुस्तकात नव्हती. ती तिने आपल्या आईकडून ऐकली होती.

माझा मामेभाऊ लग्नाचे व्हिडिओ काढतो. त्याच्याकडे चांगला रेकॉर्डर होता. एका शुक्रवारी आम्ही नानीला गायला बसवले. शुक्रवारी आमच्याकडे यंत्रमाग बंद असतात. त्यामुळे घरात शांतता होती. चाळीस मिनिटे ती गात होती. ढोलकची थाप, तिच्या काचेच्या बांगड्यांची किणकिण, दोन गाण्यांच्या मध्ये तिचे हसणे, सारे काही स्वच्छ उतरले.

अडचण पुढेच आली. ती फाइल सुमारे ४२० एमबीची होती. माझ्या कार्डात तेवढी जागा कुठली?

एवढी मोठी फाइल कशी झाली, ते समजून घ्या. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात आवाज एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजतात. प्रत्येक मोजमापाला १६ बिट लागतात. डावा आणि उजवा असे दोन आवाज वेगळे ठेवतात. म्हणजे एका सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट झाले. यालाच बिटरेट म्हणतात. या हिशेबाने एका मिनिटाला १० एमबीहून अधिक जागा लागते.

ही जागा वाचवण्यासाठी एमपी३ची युक्ती निघाली. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामात मोठा वाटा उचलला. १९९५ साली अशा फाइलींना एमपी३ हे नाव मिळाले. युक्ती आपल्या कानावर आधारलेली आहे. यंत्रमाग सुरू असताना कोणी कुजबुजले तर तुम्हांला ऐकू येते का? नाही. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. मग जे कानाला ऐकूच येत नाही, ते साठवायचे कशाला? एमपी३ तो भाग गाळून टाकते. बिटरेट १२८ ठेवला तर पाच मिनिटांचे गाणे पाच एमबीत मावते आणि कानाला फारसा फरक जाणवत नाही. पण बिटरेट फारच खाली आणला, तर ऐकू येणाऱ्या गोष्टीही गाळल्या जातात.

मी नेमके तेच केले. नानीच्या फाइलीचा बिटरेट ३२ केला. फाइल १० एमबीच्या आत आली. मी खूश झाले. एस.टी.च्या घरघरीत मला काही फरक कळला नाही.

पुढे एक दिवस मामेभाऊ म्हणाला, "आपा, कॉम्प्युटर भरलाय. नानीची मोठी फाइल काढून टाकू का?"

मी लगेच म्हणाले, "काढ ना. माझ्याकडे आहे."

२०१६ साली नानीचा इंतकाल झाला. पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. हळदीच्या रात्री आम्ही ती फाइल मोठ्या स्पीकरवर लावली. साऱ्या बायका गप्प झाल्या. आवाज नानीचाच होता, पण विहिरीच्या तळातून आल्यासारखा. ढोलकची थाप बोथट झाली होती. बांगड्यांची किणकिण उंच पट्टीतली, ती तर नाहीशीच झाली होती. अम्मी हळूच म्हणाली, "तिच्या बांगड्या का वाजत नाहीत?" मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या फाइलीचा बिटरेट ३२० करून पाहिला. फाइल दहापट मोठी झाली. आवाज मात्र तसाच राहिला. आंबोशी भिजवली, पण कैरी झाली नाही.

नंतर मी हिशेब केला. बिटरेट १२८ ठेवला असता तर फाइल सुमारे ३८ एमबीची झाली असती. म्हणजे मी जेमतेम २९ एमबी वाचवले होते. त्यासाठी सहा गाणी पुसावी लागली असती. ती गाणी बाजारात कुठेही मिळाली असती.

आता मी नानीची सारी गाणी वहीत उतरवली आहेत. एका गाण्यातली एक ओळ मात्र कोणालाच कळत नाही. अम्मीलाही नाही आणि खालालाही नाही. वहीत ती जागा मी कोरी ठेवली आहे.

मुलांनो, बिटरेट कमी करणे वाईट नाही. जागा थोडी असेल तर अवश्य करा. नुसत्या बोलण्यासाठी ६४ देखील पुरतो. पण मूळ फाइल कधी पुसू नका. ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. जागा वाचवायचीच असेल तर फ्लॅक नावाचा प्रकार वापरा. त्यात फाइल लहान होते, पण काहीच गाळले जात नाही.

आणि आज घरी गेलात की आपल्या नानी-दादींना एखादे गाणे म्हणायला सांगा. ते नीट जपून ठेवा. त्यांच्या बांगड्यांसकट.